कॅसेटचं डोकं

सहारा वाळवंटातल्या तामनरासेतच्या बाजारात उक्सेमचं दुकान म्हणजे दीड खाटेएवढी जागा. तिथे टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायचे, आणि होईपर्यंत मालकाच्या कॅसेटी उक्सेम मन लावून ऐकून घ्यायचा. देवाने या गावात चांगले कान दोघांनाच दिले, एक उंटाला आणि एक उक्सेमला, असं म्हातारा हाम्मा म्हणायचा. हाम्मा ते थट्टेने म्हणायचा, पण उक्सेम त्याला मान समजायचा. तसा तो साधा माणूस. बायकोचं ऐकायचा, कुणाचं वाईट चिंतायचा नाही. पण गिटारवाल्याचा विषय निघाला की आपल्याआधी तो कुणी ऐकला असेल हे त्याला सहन व्हायचं नाही.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर चारपाच जण गावाबाहेर नदीच्या कोरड्या पात्रात झाऊच्या झाडाखाली जमायचे. निखाऱ्यावर चहा आणि मध्ये टेपरेकॉर्डर. ज्याने त्याने आपला आवडता गिटारवाला आणायचा. हाम्माचा एक ठरलेला होता, कुठल्याशा छावणीत म्हातारा झालेला, प्रत्येक स्वर परवानगी मागून वाजवल्यासारखा वाजवणारा. उक्सेमचा मामेभाऊ बीगा ट्रक चालवायचा, त्याला वेगाने वाजवणारे लागायचे, कारण रस्त्यात झोप येता कामा नये. कॅसेट चालू असताना कुणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर वाहवा करायची नाही. आवडलं तर एवढंच म्हणायचं, "मला यातली एक भरून दे." हीच दाद. कुणीच मागितली नाही तर आणणाऱ्याने मुकाट्याने कॅसेट खिशात घालायची, आणि बाकीच्यांनी चहाकडे बघायचं. अशा शुक्रवारनंतर पुढचे काही दिवस तो माणूस घरात खेकसत असे.

अमूदला शोधून काढला तो उक्सेमने. कुणा उत्तरेकडे चाललेल्या वाटसरूने एक चघळलेली कॅसेट दुरुस्तीला टाकली आणि परत आलाच नाही. उक्सेमने फीत पुसली, जोडली, लावली, आणि हातातला पेचकस तसाच हातात राहिला. गिटार साधीच होती, एक तार बहुधा गाडीच्या क्लच केबलमधून काढलेली. पण शेळ्या पाण्यावर घेऊन निघालेल्या माणसाला जशी घाई नसते, तशी वाजवणाऱ्यालाही नव्हती. कॅसेटवर नाव नव्हतं. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येकाला उक्सेम दुकानात बसवायचा, चहा पाजायचा, ती कॅसेट ऐकवायचा आणि विचारायचा, हा कोण. अख्खा हिवाळा असा गेला. शेवटी मेंढ्या विकायला आलेल्या एका बाईने पहिल्याच सुरावर सांगितलं, की हा अमूद, दक्षिणेला इन-गेझाम गावाच्या अलीकडे विहिरी उपसतो, माझ्या मावशीचा जावई.

त्या शुक्रवारी उक्सेमने कॅसेट लावली. संपल्यावर हाम्माने हातातला पेला खाली ठेवला. मग सगळे एकदमच म्हणाले, मला एक भरून दे. उक्सेमने तोंडावरचा पागोट्याचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला, कारण खालचं हसू लपत नव्हतं. काही महिने तो असा चालत होता, जणू अमूदला त्यानेच जन्म दिला.

आणि मग बीगा दक्षिणेला गेला.

ट्रकवाल्याला कुठेही जाता येतं, हे आधीच उक्सेमच्या लक्षात यायला हवं होतं. तो दुकानात बसून नाव शोधत राहिला, आणि बीगा सिमेंट उतरवून येता येता वाट वाकडी करून त्या विहिरीवर जाऊन आला. तिथे राहिला, अमूदबरोबर एका परातीत जेवला, आणि समोर टेप ठेवून एक कोरी कॅसेट दोन्ही बाजूंनी भरून घेतली. परतल्यावर तो धुळीने माखलेला थेट दुकानात आला. कॅसेट फळीवर ठेवली आणि म्हणाला, "घे आतेभावा. तूच पहिला ऐक. सगळ्यांना तूच भरून दे, मला लगेच उत्तरेला निघायचंय. आणि कान साफ करून ऐक, वाळू फार साचलीय त्यात."

आमच्याकडे मामे-आतेभावांनी एकमेकांची टर उडवायची असते. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडण झालंय का. आणि उडवलेली टर मनाला लावून घेतली, तर हसं लावून घेणाऱ्याचंच होतं. तेव्हा उक्सेमही हसला, म्हणाला, तुझ्या ट्रकच्या भोंग्यापुढे सगळीच गिटार गोड लागते. बीगा गेला. उक्सेमने दुकानाची फळी आतून लावून घेतली.

आता, अशा कॅसेटला एक डोकं असतं. वाजवणं सुरू होण्याआधी टेप धरणारा माणूस त्यात बोलतो: कोण वाजवतोय, कुणाच्या दारात, ऐकायला कोण कोण हजर आहे. मग ती कॅसेट एका गावातून दुसऱ्या गावात भरली जाते, तिथून तिसऱ्या, आणि ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नाही अशा लोकांच्या घरात त्याचं नाव घेतलं जातं. माणसं डोक्यात नाव यावं म्हणून दिवसदिवस प्रवास करतात. उक्सेमने आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी भरून दिली होती, त्याचं नाव एकाही कॅसेटवर नव्हतं.

बटण दाबलं. वारा, शेळीचं ओरडणं, कुणीतरी खाकरलं. आणि बीगाचा आवाज, छाती फुगवलेला: "बिस्मिल्लाह. मी बीगा, तामनरासेतचा. माझ्यासमोर अमूद बसलाय, त्याच्याच दारात..."

उक्सेमने टेप बंद केला.

मी बीगा. माझ्यासमोर. उक्सेमच्या छातीत नुसती आग उठली. नाव शोधलं कुणी? वाटसरूंना चहा पाजून पाजून साखरेचा डबा रिकामा केला कुणी? आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा ट्रकमधून उतरतो काय, अमूदच्या दारात बसतो काय, आणि आता अदरारपासून अगादेझपर्यंत लोक म्हणणार, बीगाची कॅसेट. त्याने फीत पुढे पळवली. थांबवून ऐकलं, अजून कुणी बोलतच होतं, पुन्हा पळवली. गिटारची पहिली तार वाजली तिथे थांबला. तिथून पुढे त्याने हाम्माची प्रत भरली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या बिनडोक्याच्या. वाजवणं मात्र असं होतं, की राग मनात धरून ऐकतानाही दोनदा त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्याला राग आला.

मूळ कॅसेट त्याने बायकोच्या हातून बीगाच्या घरी पाठवली.

पण लोकांची जीभ कापता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाजारात जो तो येऊन म्हणायचा, ती बीगाची कॅसेट भरून दे. उक्सेम म्हणायचा, कुठल्या बीगाची? लोक म्हणायचे, अरे तुझ्याच मामाच्या पोराची, विहिरीवर जाऊन आला तो. तो निमूट भरून द्यायचा. भरताना कुणी बीगाचं कौतुक केलं, की हमखास त्या गिऱ्हाइकाची प्रत थोडी घरघरत निघायची.

पुढे एका शुक्रवारी बीगा उत्तरेहून परतला आणि झाडाखाली आला. हाम्माने आपली प्रत लावली. गिटार एकदम सुरू झाली, ना बिस्मिल्लाह, ना नाव. बीगाने मान वर करून उक्सेमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उक्सेम निखारे सारखे करत राहिला. आता हा बोलणार, आता थट्टेत काढणार, अशी त्याने वाट पाहिली, उत्तरही तयार ठेवलं. बीगा काहीच बोलला नाही. पदर वर ओढला आणि चहा घेतला. कळलं बेट्याला, उक्सेम मनात म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चहा फार गोड लागला.

हाम्माच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा बीगा म्हणाला, मी अमूदला घेऊन येतो. आणि आणलाही, ट्रकमध्ये शेजारी बसवून. साऱ्या बाजारात बातमी पसरली, की अमूद आलाय आणि बीगाच्या घरी उतरलाय. उक्सेमच्या दुकानासमोरून माणसं तिकडे निघाली होती, आणि प्रत्येकजण आत डोकावून म्हणत होता, तू अजून इथेच?

तो घरी जाऊन आडवा झाला. बायको केल्ला लग्नासाठी हाताला मेंदी लावून बसली होती.

"डोकं दुखतंय," उक्सेम म्हणाला.

"डोकं नाही, पोट दुखतंय तुझं. मी ओळखते ते दुखणं." केल्लाने मेंदीचा हात तसाच वर धरला होता. "ज्याच्यासाठी हिवाळाभर माझी साखर संपवलीस, तो माणूस गावात आलाय. आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलायस."

"तो बीगाचा पाहुणा आहे."

"मग जाऊन पाहुण्याला भेट. गेला नाहीस तर लोक म्हणतील, उक्सेम जळतो. आणि मी नाही कशी म्हणू?"

लोक काय म्हणतील, हे आमच्याकडे तापापेक्षा लवकर माणसाला उठवतं. उक्सेमने निळं नवं पागोटं बांधलं, पदर डोळ्यांच्या खालपर्यंत ओढला, बगलेत आपला टेपरेकॉर्डर मारला, आणि उन्हं कलती होईपर्यंत मुद्दाम उशीर करून लग्नघरी गेला.

अंगणात चटया टाकल्या होत्या. वाळूत भाजलेल्या रोटीचे तुकडे रश्शात कुस्करून झाले होते, आता चहा चालला होता. मधोमध एक काटकुळा माणूस बसला होता, पायाच्या टाचा विहिरीच्या कडेसारख्या चिरलेल्या. मांडीवर गिटार. शेजारी बीगा, घरच्यासारखा टेकून. उक्सेमने दुरूनच ते पाहिलं आणि त्याला परत फिरावंसं वाटलं. पण हाम्माने हाक मारली होती.

"हा उक्सेम," हाम्मा म्हणाला.

अमूद उठून उभा राहिला. पाहुणा होता, वयाने मोठा होता, उठायचं त्याला कारण नव्हतं. त्याने हात पुढे केला, तळव्याला तळवा लावला, आणि सोडला नाही.

"माझं नाव विचारत फिरलेला तूच ना?" तो म्हणाला. "बीगाने सांगितलं मला. गाणं लोक ऐकतात, उचलून नेतात. कुणाचं आहे, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी त्या कॅसेटमध्ये तुझं नाव घेतलं बघ. पहिलं गाणं तुलाच दिलं होतं, विचारणाऱ्याला."

उक्सेमला आधी काही समजलं नाही. मग समजलं, आणि बगलेतला टेपरेकॉर्डर त्याने घट्ट धरला.

"कुठल्या कॅसेटमध्ये?" हाम्माने विचारलं. "आमच्यात कुणाचंच नाव नाही. गिटारच सुरू होते एकदम."

"हेच तर," बीगा म्हणाला. आता तो टेकलेला उठून बसला होता. "डोक्यात मी सगळं सांगितलं होतं. हा माझा आतेभाऊ, अमूदला यानेच शोधला, कॅसेट त्याची. मग टेप अमूदकडे दिला, तोही बोलला. मला वाटलं, हा ऐकेल आणि आनंदाने वेडा होईल. आणि याने काय केलं? सगळं कापलं. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हाताने कापून टाकलं. मी बोललो नाही. म्हटलं, याची भीड मोडायला नको."

हाम्माने कपाळाला हात लावला. तो उक्सेमकडे अशा नजरेने पाहायला लागला, जसं त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. लाज आणि अदब असलेला माणूस म्हणजे काय, हे पाहा, तो सगळ्यांना सांगू लागला. आजकालची पोरं एक गाणं वाजवतात आणि त्यात तीनदा आपलं नाव घेतात. आणि हा, ज्याच्या हातात टेप, ज्याच्या हातात बटण, त्याने आपलं नाव पुसलं. दोघा-तिघांनी मान डोलावली. पडद्याआडून बायकांपैकी कुणीतरी उक्सेमचं नाव घेऊन आनंदाचा चीत्कार केला.

"मूळ कॅसेट आहे ना?" उक्सेमने विचारलं. "मी परत भरतो. डोक्यासकट."

"ट्रकच्या टेपने खाल्ली," बीगा म्हणाला. "अराकच्या घाटात. फीत काढताना तुटली, उन्हात चिकटली, मी तिथेच टाकली. म्हटलं, गावात प्रती आहेत."

म्हणजे ते नाव आता कुठेच नव्हतं. आयुष्यात एकदाच त्याचं नाव घेतलं गेलं होतं, अमूदच्या तोंडून, अमूदच्या दारात, आणि ते ऐकणारा या गावात तो पहिलाच ठरला असता. त्याने ते फीत पळवून पुढे ढकललं होतं. अजून कुणी बोलतच होतं, हे त्याला आठवलं. तो आवाज अमूदचा होता.

कौतुक चालूच होतं. जो तो येऊन त्याच्या खांद्याला हात लावत होता. उक्सेमला आणखी एक शब्द ऐकवेना.

"भीड कसली," तो मोठ्याने म्हणाला. "मी जळत होतो. बीगाचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पुढचं मी ऐकलंच नाही. त्याचं नाव जाऊ नये म्हणून कापलं."

मग हाम्मा हसायला लागला. त्याच्या मागून सगळे हसले, कुणी मांडीवर थाप मारली, कुणी म्हणालं, मामेभावाला सोडत नाही हा, कौतुकातही टोमणा मारतो. अमूदसुद्धा हसला. हसता हसता हाम्माच्या डोळ्यात पाणी आलं. असा आतेभाऊ प्रत्येकाला मिळो, तो म्हणाला, जो आपला चांगुलपणासुद्धा थट्टेत लपवतो.

उक्सेम सगळ्यांकडे बघत उभा राहिला. खरं बोलायला त्याने इतका जीव एकवटला होता, आणि आमच्या रीतीने ते त्याच्या तोंडातून पडताच थट्टेत जमा झालं.

बीगा मात्र हसला नव्हता. त्याने किटली उचलली, एक पेला भरला आणि उक्सेमला आपल्या शेजारी ओढून बसवलं. बाकीचे आपापले टेपरेकॉर्डर अमूदसमोर चटईवर मांडत होते. त्या गडबडीत बीगा खाली बघत म्हणाला, "कुठपर्यंत ऐकलं होतंस?"

"तुझ्या नावापर्यंत. आणि दारापर्यंत."

"त्याच्या पुढचा शब्द तुझं नाव होता, गाढवा."

उक्सेमने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. बीगाला लागलं होतं, ते त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. इतके महिने भावाला भिडस्त समजून तो मनात त्याचं कौतुक करत राहिला होता, तेही आज गेलं.

थोड्या वेळाने बीगाने अंगरख्यातून एक कोरी कॅसेट काढली. दाताने वेष्टन फाडलं, उक्सेमच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि तो त्याच्या पुढ्यात सरकवला.

"आता डोकं तू बोल," तो म्हणाला. "ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घे. नको असेल त्याचं नको."

अमूद तारा जुळवून थांबला होता. उक्सेमने लाल बटण दाबलं. फीत फिरायला लागली, आणि त्याला कळलं, की आता इथून जे निघेल ते अगादेझपर्यंत जाणार आहे. ज्या नावासाठी सारं आयुष्य तो झुरला, ते त्याचं स्वतःचं नाव जिभेच्या टोकावर होतं.

"बिस्मिल्लाह," तो म्हणाला. "हा अमूद वाजवतोय, हाम्माच्या अंगणात, त्याच्या मुलीच्या लग्नात. याला विहिरीवरून आमच्यापर्यंत आणला तो माझा मामेभाऊ बीगा. कॅसेट त्याची. भरून घेणाऱ्याने इथूनच भरून घ्यावी."

स्वतःचं नाव घ्यायचं राहिलं. की त्याने मुद्दाम घेतलं नाही, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बीगाने पदर वर ओढून घेतला.

मग अमूदने पहिली तार छेडली. छेडताना त्याने मान किंचित वळवून बीगाकडे पाहिलं, सवयीने, जसं एका ट्रकमधून इतक्या लांबून आलेली माणसं एकमेकांकडे पाहतात. उक्सेमच्या पोटात पुन्हा एकदा बारीकसं दुखलंच. पण त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, बटणापासून दूर, आणि फीत फिरत होती.